आतला दोर

‘ओ बाई, मागं व्हा,’ असं प्रभावती म्हणाली आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की ही बाई म्हणजे आपली सासू. निदान पुढचे कितीतरी दिवस ती स्वतःला हे असंच सांगत राहिली. आधी म्हटलं, मग लक्षात आलं. पण क्रम असा नव्हता. आधी तिला हात दिसला होता. बंदोबस्ताच्या दोरावर ठेवलेला, अंगठ्याचं नख मधोमध चिरलेला, हळकुंडं हाताळून बोटांच्या घड्यांत कायमचा पिवळा झालेला हात. हा हात ती रोज बघत होती. परातीत पीठ मळताना, पोरगी घरी होती तेव्हा तिची वेणी घालताना, देवळातनं येताना अभिषेकाच्या गंधोदकाची वाटी सांभाळताना. मग हातावरचा पदर दिसला, अंजिरी रंगाचा, आणि तो पदर सकाळी तिनंच खांद्यावर नीट करून दिला होता. मग चेहरा. म्हणजे माणूस ओळखायला जेवढा वेळ लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ तिला मिळाला होता, आणि तो सगळा वापरून झाल्यावर ती म्हणाली, ओ बाई, मागं व्हा. आक्कांनी वर बघितलं. ‘मी हाय गं,’ त्या म्हणाल्या, जरा लाजून, परक्या घरी पाणी मागताना म्हणतात तसं. ‘पाळण्याला हात लावून लगीच येते.’ ‘सगळ्यांनाच लावायचाय. मागं व्हा म्हटलं ना.’ आणि तिनं तळहात उभा केला. ट्रकला करतात तसा. आक्कांनी दोरावरचा हात काढला, आधी दोन बोटं, मग उरलेला, आणि बायकांच्या गर्दीत त्या मागं मागं गेल्या. बँड जोरात चालला होता. बँडमुळं ‘मी हाय गं’ आपल्याला ऐकू आलं नाही, असंही प्रभावतीनं नंतर करून बघितलं. ते फार टिकलं नाही. ऐकू आलं नव्हतं तर तिनं उत्तर कशाचं दिलं?

सांगलीपासून जवळच्याच गावात पंचकल्याणिक पूजेचा मांडव पडला होता आणि तो जन्मकल्याणकाचा दिवस होता. सकाळी तीर्थंकरांचा जन्म झाला, इंद्र झालेल्या माणसानं हत्तीवरनं नेऊन अभिषेक केला, आणि आता ती लहानशी मूर्ती पाळण्यात ठेवली होती. पाळण्याला रेशमी दोरी. ती एकदा ओढायला मिळावी म्हणून आसपासच्या सगळ्या गावांतल्या बायका चार बाजूंनी दाटल्या होत्या, आणि बायकांची बाजू सांभाळायला सांगलीचं महिला होमगार्डचं पथक आणलं होतं. अडचण पट्ट्यांची झाली. आत चामडं न्यायचं नाही. पथकाचे समादेशक हंबीरराव म्हणजे एरवी सायकलच्या दुकानातला माणूस, पण खाकी चढवली की आवाज बदलायचा. ते म्हणाले, ‘आतल्या दोराला जाणाऱ्यांनी पट्टे काढा.’ त्यावर पथकातली राहीबाई म्हणाली, ‘साहेब, पट्टा काढला तर प्यांट हातात धरून बंदोबस्त करायला लागंल. मग दोर कोन धरायचा?’ बायका खिदळल्या. हंबीररावांनी मान दुसरीकडं वळवली आणि प्रभावतीकडं बोट केलं. तिचा पट्टा रेक्झिनचा होता. भरती झाली तेव्हाच तिनं मागून घेतला होता, कारण कातड्याचा पट्टा घरात खुंटीला लागला असता तर आक्का जेवल्या नसत्या. ‘तुम्ही आत जा. तुमच्यातलीच बाई आत असलेली बरी,’ हंबीरराव म्हणाले, आणि दर परेडला सांगायचे ते पुन्हा सांगितलं, ‘दोर धरला की नातं नाही. बहीण नाही, भावजय नाही.’ त्याला कारणही होतं. मागं एका विसर्जनात एकीनं आपल्या नणंदेला दोराखालनं आत घेतलं, तिच्या मागनं सगळा लोंढा घुसला आणि एक म्हातारी पायाखाली आली. म्हणजे नियम चुकीचा नव्हता. प्रभावतीला नियमाची इतकी मदत झाली, इतकी झाली, की त्याच्यावर सगळं ढकलता आलं असतं. एकच गोष्ट आड येत होती. त्या दुपारी तिनं दोर काही सारखा ताणून धरला नव्हता. तान्हं कडेवर असलेल्या एका पोरीला तिनं आत सोडलं होतं. काठी टेकत आलेल्या एकीला सोडलं होतं. लांबनं चालत आलोय म्हणणाऱ्या दोघी बहिणींना सोडलं होतं, आणि त्या खरंच चालत आल्या होत्या की नाही हे तिनं विचारलंही नव्हतं. मनगट जरासं खाली केलं की झालं. परक्यांसाठी ते खाली होत होतं.

आणि पाळण्याचं तिला ठाऊक होतं. ठाऊक म्हणजे इतकं, की ऐकून कंटाळा आला होता. आक्कांच्या स्वतःच्या गावात फार वर्षांपूर्वी अशीच पूजा झाली होती, तेव्हा त्या घरातली थोरली सून, म्हणून पाचही दिवस त्या भोजनशाळेत होत्या. बाहेर बँड, शंख, जयजयकार, आणि आत चुलाणावर भाताची हंडी. ‘पाळना हालत हुता तवा मी चटनी वाटत हुते,’ असं त्या सांगायच्या, तक्रार म्हणून नाही, पाऊस पडला होता म्हणावं तसं. कुणाच्या बारशाला गेल्या की सांगायच्या. नवीन पाहुणी आली की सांगायच्या. प्रभावतीची पोर प्रियदर्शनी लहान होती तेव्हा तिच्या पाळण्याची दोरी ओढताओढता सांगायच्या. आणि त्या दिवशी सकाळी, खाकी शर्टाची बटणं लावताना प्रभावतीच त्यांना म्हणाली होती, ‘यंदा मिळंल बघा आक्का तुम्हाला.’ आक्कांनी उपास धरला होता. चुलत दिरांच्या टेंपोत त्या पुढच्या सीटवर बसून गेल्या, खिडकीतनं हात करून. दुपार कलली, पुढचा विधी सुरू झाला, पाळणा उचलला, आणि प्रभावतीनं दोर गुंडाळून खांद्यावर टाकला. खांदा हलका वाटत होता. तेच तर. मन खट्टू व्हायला हवं होतं. ते झालं, पण घरी जाताना, हायवेला लागल्यावर. त्या क्षणी मात्र, तळहात उभा केला आणि समोरची बाई मागं गेली त्या क्षणी, तिच्या अंगातनं थंड पाण्याचा घोट उतरावा तसं काहीतरी उतरलं होतं. सगळ्यात वाईट हे नव्हतं, की तिनं आक्कांना अडवलं. तिला ते गोड लागलं.

घरी दिवेलागणीच्या आधी जेवणं उरकायची, त्यामुळं सगळे एकदमच बसले. जयपालनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ताटाकडं बघतच विचारलं, ‘मिळाला का गं आक्का पाळणा?’ त्याची मार्केट यार्डात हळदीची अडत होती आणि हंगाम तोंडावर आला होता, त्याचं लक्ष दुसरीकडं होतं. ‘गर्दी लय,’ आक्का म्हणाल्या. ‘अगं पण प्रभा होती की दोराला.’ ‘तिला काय दिसतंय त्या उनात, त्या टोपीत. तिच्या ध्यानातबी आलं न्हाई मी हाय ते. व्हय गं?’ आणि त्यांनी प्रभावतीच्या ताटात भाकरी सरकवली. ‘होय,’ प्रभावती म्हणाली. ‘फार गर्दी.’ भाकरी मऊ होती. आक्कांनी तिचं असं काही झाकावं याची तिला सवय होती, दूध उतू गेलं, फोन उचलायचा राहिला. पण झाकणारी आणि झाकून घेणारी दोघींनाही भांड्यात काय आहे ते माहीत असतं आणि तरी झाकण ठेवलं जातं, हे निराळं. पुढं महिनाभर आक्का काही वेगळं वागल्या नाहीत. त्यानंच तिची पंचाईत झाली. त्या रागावल्या असत्या, अबोला धरला असता, शेजारी जाऊन सांगितलं असतं, तर प्रभावतीला आपली बाजू मांडता आली असती, आणि बाजू तिच्याकडं तयार होती, नियमासकट, म्हातारीसकट. पण शनिवारी संध्याकाळी आक्कांनी नेहमीसारखी तिच्या खाकीला कांजी केली. कांजी करायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं होतं, पहिल्यापासून. ‘आसली जाड कापडं तुला न्हाई जमायची,’ म्हणून. रविवारी सकाळी तिनं शर्ट अंगात घातला तेव्हा तो नेहमीसारखाच कडक होता, कॉलर मानेला लागत होती. प्रभावती आरशासमोर उभी राहिली आणि तिला वाटलं, एकदा तरी कांजी बिघडावी.

का जाते मी? हा प्रश्न तिला पहिल्यांदा भरतीच्या वेळी विचारला होता, हंबीररावांनीच, आणि ती म्हणाली होती, ‘देशसेवा.’ ‘सगळ्या हेच सांगतात,’ ते म्हणाले होते आणि पुढचीला बोलावलं होतं. प्रियदर्शनी शिकायला पुण्याला गेली त्या वर्षीची गोष्ट. घरात काम कमी झालं होतं असं नाही. उलट काम जेवढ्याला तेवढंच राहिलं आणि त्याच्यातला आवाज गेला. गणपतीत ती कृष्णेच्या घाटाकडं गेली होती, तिथं चौकात एक बाई खाकीत उभी होती, तिच्यासारखीच, जरा सुटलेली, कपाळावर घाम, आणि तिनं मागं न बघता हात उभा केला तर मूर्तीचा ट्रॅक्टर थांबला. तिनं बघितलंसुद्धा नाही कोण चालवतंय. घरात प्रभावती साधी हाक मारायची तर आधी बघावं लागायचं, जयपाल हिशेबात आहे का, आक्का जपाला बसल्यात का, मग आवाज किती मोठा काढायचा ते ठरायचं. आणि तिला आई आठवली होती. आई कुंडलची. बेचाळीसनंतर तिकडं इंग्रजाला न जुमानणारं सरकार चाललं होतं तेव्हा आई परकर-पोलक्यातली पोर, आणि शेतात लपलेल्या माणसांना पाटीतनं भाकऱ्या नेऊन द्यायची, वरनं शेणी टाकून. पुढं आईला नवरा, दीर, नणंदा, पाच मुलं, काय काय झालं, पण सांगायला बसली की ती दोन पावसाळेच सांगायची. ‘पाटीत काय हाय म्हनून पोलिसानं इचारलं. म्हटलं, शेण हाय, हात घालून बघ की.’ आणि एवढं सांगून उठायची, कुणीतरी चहा मागितलेला असायचा. लढाई संपली, देश सुटला आणि आई घरात गेली. हंबीरराव परेडला संघटनेचा इतिहास सांगायचे, की ही कल्पनाच मोठ्या लढाईतली, सैनिक सीमेवर गेले की मागं गाव कुणी सांभाळायचं म्हणून, मग बासष्टला चीनची लढाई, मग पासष्ट, एकाहत्तर, दिवे झाकणं, भोंगे. बायका उन्हात सावधान उभ्या राहून ऐकायच्या. प्रभावतीला नेहमी वाटायचं, लढाईचं निमित्त तरी होतं त्यांना. आपण शांततेच्या दिवसांत, गणपती आणि निवडणुका आणि परीक्षा केंद्रं यांच्या आडोशानं, कुणाशी लढायला येतो? हा विचार तिला आधी मौजेचा वाटायचा. दोराच्या दुपारनंतर त्यातली मौज गेली. कारण उत्तर एका अंजिरी पदरात समोर येऊन उभं राहिलं होतं, आणि तिनं त्याला मागं ढकललं होतं.

संघटनेला पन्नास वर्षं झाली त्याचा मेळावा साताऱ्याला होता, आणि महिलांतर्फे कुणीतरी बोलायचं होतं. हंबीररावांनी तिला सांगितलं, ‘पाटीलबाई, तुमचं बोलणं शुद्ध आहे. मी होमगार्ड का झाले, पाच मिनिटं.’ ती नको म्हणाली. ते म्हणाले, ‘नको म्हणायचं घरात. इथं हो सर म्हणायचं.’ हे त्यांनी गमतीनं म्हटलं, पण तिला लागलं, कारण ते उलटं होतं. नको ती कुठंच म्हणत नव्हती. एस.टी.त पथक मागच्या सीटांवर बसलं आणि कराड येईपर्यंत भाषणाचाच विषय. ‘खरं सांगू नकोस म्हणजे झालं,’ राहीबाई म्हणाली. ‘तुझं काय खरं?’ ‘शिट्टी. घरात मी बोंब मारली तरी कुत्रं शेपूट हालवत न्हाई. हितं शिट्टी फुकली की बारा चाकांचा ट्रक उभा ऱ्हातोय. नवऱ्याला म्हटलं एकदा, घरात वाजवू का? तर म्हनला, वाजीव, मी रानात जातो.’ शालूबाई म्हणाली तिला खिसे आवडतात. ‘बटनाचे. चार. सगळं जगणं कनवटीला बांधून झालं गं, आता खिशात हात घालून उभं ऱ्हायाचं.’ भार्गवी या सगळ्यांत लहान, बालवाडीवर शिकवायची, बायकांच्या चिडवण्यात तिचाच नंबर पहिला असायचा. तिला खोदून खोदून विचारलं तेव्हा ती खिडकीकडं बघत म्हणाली, ‘निवडणुकीच्या ड्युटीला आपण त्या शाळेत झोपलो होतो ना, सतरंजीवर. सकाळी मला जाग आली आणि कुणाचा चहा करायचा नव्हता.’ यावर कुणी हसलं नाही. मग राहीबाईनंच सगळ्यांना सोडवलं, ‘आणि पाटलीणबाई, तुमचं?’ प्रभावतीच्या ओठावर आलं होतं. मला कुणालातरी मागं व्हा म्हणायचं होतं, असं. ‘देशसेवा,’ ती म्हणाली, आणि सगळ्या इतक्या मोठ्यानं हसल्या की कंडक्टरनं वळून बघितलं.

सभागृह गच्च होतं. ती माइकसमोर उभी राहिली तेव्हा तिला पाठ केलेलं सगळं नीट आठवत होतं, संकट, शिस्त, नारीशक्ती. ते तिनं म्हटलं. पुढच्या रांगेतले लोक पाणी पीत होते, एकजण हाराच्या पाकळ्या वेचत होता. तिचा आवाज तिलाच सांडल्यासारखा ऐकू यायला लागला, कुणी न झेललेला. आणि मग, का ते तिला आजही सांगता येणार नाही, ती म्हणाली, ‘एक अनुभव सांगते. मी दोराला होते. समोर माझी स्वतःची सासू आली.’ पाण्याचे ग्लास थांबले. तिला ते थांबणं जाणवलं, पाठीच्या कण्यात, ट्रॅक्टर थांबतो तसं. ‘त्या म्हणाल्या, मी आहे गं, मला आत सोड. मी म्हटलं, बाई, मागं व्हा. कारण दोर धरला की नातं नाही.’ आणि सभागृह उठलं. टाळ्या, शिट्ट्या, मागनं कुणीतरी ‘व्वा रं वाघीण’ म्हणालं. व्यासपीठावरचे मोठे साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते, हंबीररावांचे डोळे भरले होते. अध्यक्षीय भाषणात तिचं नाव दोनदा आलं, कर्तव्य कशाला म्हणतात ते या भगिनीकडून शिका. ती खुर्चीवर बसून ऐकत होती. उपास तिनं सांगितला नव्हता. चटणी सांगितली नव्हती. कडेवर तान्हं असलेली पोर, काठीवाली, चालत आलेल्या दोघी, यांना तिनं गोष्टीतनं वगळलं होतं, सहज, मनगट जरासं खाली करून. घरात आक्कांनी तिच्यासाठी एक खोटं करून ठेवलं होतं, ऊन आणि टोपी घालून. आणि तिनं त्या बाईला इथं आणून, परमुलखात, एवढ्या लोकांसमोर पुन्हा एकदा मागं केलं. परतीला साताऱ्याच्या स्टँडवर सगळ्यांनी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घेतली. तिनं घेतली नाही. कुणासाठी नेणार होती ती?

शालूबाईनं घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेटी घेऊन घरीच आली. जयपाल निघायच्या तयारीत सोप्यात चप्पल शोधत होता, आक्का गहू निवडत होत्या, प्रभावती आतनं चहा आणत होती. ‘आवं आक्का, तुमच्या सुनंनं काल सातारा गाजिवला!’ शालूबाई उंबऱ्यातनंच म्हणाली. प्रभावती चहा घेऊन दारातच थांबली. थांबव म्हणावं, शालू गप म्हणावं, तोंडभर शब्द होते. ‘काय सांगितलं मनून इचारा तरी! दोराला सासू आली, म्हनं मी हाय, आन् हिनं सांगितलं, बाई, मागं व्हा! आसा हात केला. लोक नुसतं टाळ्या वाजवून वाजवून... माझ्या अंगावर काटा आला. सासूलाबी सोडलं न्हाई बया!’ जयपालला चप्पल सापडली होती, ती त्यानं पायात घातली नाही. तो आईकडं बघत होता. ‘आक्का, तू तर म्हणालीस हिला दिसलंच नाही.’ आक्कांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. ‘म्हटलं आसंल. म्हाताऱ्या मान्साच्या ध्यानात काय ऱ्हातंय.’ मग शालूबाईकडं वळून म्हणाल्या, ‘आनी खरंच हाय की. गर्दी का थोडी हुती? मला सोडलं आसतं तर बाकीच्या गप बसल्या आसत्या व्हय? हे काय आणलंस गं? ह्येच्या तर समद्या अंगाला डोळं हायत.’ ‘स्ट्रॉबेरी हाय, खाऊन बघा.’ ‘एवढ्या डोळ्यांनी माझ्याकडं बघतंय ते मी कसं खाऊ?’ शालूबाई हसत हसत गेली. जयपाल पायात चप्पल चढवत ‘मी येतो’ असं कुणालाच न म्हणता म्हणाला, आणि गेला. बायकांच्या गोष्टीत पडायचं नसलं की त्याला दुकान आठवायचं. एरवी प्रभावतीला त्याचा राग यायचा. आज त्यानं थांबावं, ओरडावं, असं तिला वाटलं. तो गेल्यावर सोप्यात सुपातले गहू तेवढे वाजत राहिले.

ती आक्कांच्या समोर खाली बसली. किती वेळ ते वाक्य तिनं मनात घोळवलं होतं, कांजीच्या शनिवारी, एस.टी.त, खुर्चीवर; आता ते बाहेर आलं तेव्हा फार लहान झालं होतं. ‘आक्का, मी ओळखलं होतं तुम्हाला.’ ‘मग?’ आक्का म्हणाल्या. ‘मी काय आंधळी हाय?’ ‘दुसऱ्यांना सोडलं होतं. तुम्हालाच नाही सोडलं.’ ‘त्येबी बघितलं.’ त्यांनी सूप पाखडलं, कोंडा उडाला, त्यांनी तो तोंडावरनं पुसला. त्यांना राग आला होता. प्रभावतीला तो आता दिसला, नाकपुड्यांशी, आणि तिला जवळजवळ बरं वाटलं. ‘काल जे केलंस ते न्हाई आवडलं मला. घरातलं मी घरात ठेवलंवतं. तू ते चव्हाट्यावर न्हेऊन त्येच्यावर टाळ्या घेतल्यास. लेकापुढं मला खोटं पाडलंस.’ ‘चुकलं माझं.’ ‘चुकलं ते चुकलंच.’ प्रभावतीनं मान खाली घातली. एवढ्यावर हे संपेल असं तिला वाटलं, आणि शिक्षा लहान झाली असंही वाटलं. तेवढ्यात आक्कांचा हात सुपात थांबला. ‘खरं, पाळन्याचं मनाला लावून घिऊ नकोस. आडवलंस म्हनून न्हाई ऱ्हायले मी मागं. दोराच्या पल्याडच्या अंगाला आपल्या पावन्यातली बाई हुती, तिनं हात केलावता, हितनं या म्हनून. गेले आसते.’ प्रभावतीनं वर बघितलं. ‘मग?’ आक्का तिच्याकडं बघत नव्हत्या. त्या सुपात बघत होत्या, गहू आणि खडा वेगळा करताना बघतात तशा. ‘तुझं त्वांड बघितलं मी. मागं व्हा म्हनालीस तवा. काय निवांत झालंवतं गं. लगीन होऊन आलीस तवापासनं बघते तुला, बाळंतपनं झाली, घर बांधलं, पोरगी पहिली आली शाळंत. तसलं कवा बघितलंच न्हाई. म्हटलं, ह्या घरात इतकी वरसं काढली हिनं आन् हे त्वांड कुठं ठिवलंवतं? मग खांबाच्या आडनं बघत ऱ्हायले. कुनाकुनाला आडवत हुतीस. पाळना उचलला तवा ध्यानात आलं.’

क्षमा मागायची तर कशाची, हे प्रभावतीला आता कळत नव्हतं. चेहऱ्याची मागायची? त्या निवांतपणाची? तिला वाटत होतं ते आपलं आतलं, अंगात घोटासारखं उतरलेलं, कुणाला न दिसलेलं. आणि ते उन्हात, टोपीखाली, सगळ्या मांडवाला दिसत होतं, आणि एक बाई उपाशी पोटी खांबाला टेकून ते बघत उभी होती, आयुष्यभर राहून गेलेलं सोडून. आक्कांना दुखलं असेल का? नुसतं नवल वाटलं असेल? की त्यांना आपलीच चटणी आठवली असेल? विचारावं असं तिला वाटलं, पण विचारलं तर आक्का सांगतील, आणि ते ऐकायची तिची तयारी नव्हती. आक्कांनी निवडलेले गहू डब्यात ओतले, झाकण दाबून बसवलं, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. उठता उठता म्हणाल्या, ‘ह्या आयतवारी परेट हाय न्हवं?’

‘आहे.’

‘जानार हायस?’

‘जाणार,’ प्रभावती म्हणाली, आणि ते तिच्या तोंडातनं इतक्या लगेच आलं, विचाराला जरासुद्धा जागा न ठेवता, की नंतर कितीतरी वेळ तिला आक्कांकडं बघवलं नाही.